रेघेच्या आतला पाय

—न्हाई, न्हाई, बॅग कुटं पळून चालली न्हाई. तिथंच हाय, खुंटीला, दुपारी जेवताना तुमीच अडकवली व्हती. बसा आधी. चहा टाकलाय. आता आमच्या घरचा चहा प्याला म्हणून कोण बोलणार हाय तुमाला? कबड्डीची फायनल झाली, ढाल गेली पिंपळवंडीला, पोरी नाचत टेम्पोत बसून गेल्या. आता कुणाला भ्यायचं? बसा म्हणते ना.

मी लई साधं विचारते, पंच. वाकडं न्हाई. माझ्या इंद्रायणीचा पाय — त्या शेवटच्या चढाईत — तुमाला खरंच रेघेच्या बाहेर दिसला? त्या अंगाच्या रेघेवर तुमीच उभं व्हता. मोठ्या पंचानं तुमच्याकडं बगितलं, तुमी हात वर केला, संपलं! गडी मारून परत आलेली माझी पोर, अन् बाद कोण? तीच. एका गुणावर अडकलेली फायनल, अन् ती अशी गेली. आमचा धाकला दीर, सावळाराम, केबलवर ते उंच उंच माणसांचं बास्केटबॉल बगत बसतो. त्यांच्या फायनलला एकाचा पाय रेघेला लागला का न्हाई — पुढनं दाखवत्यात, मागनं दाखवत्यात, हळूहळू करून दाखवत्यात. तरी ह्यो खाटेवरनं वरडतोच, पंच आंधळा हाय म्हणून! अन् इथं वारूळवाडीच्या जत्रंत काय? चुन्याच्या फक्कीची रेघ अन् तुमचे डोळे. मग त्या डोळ्यांनी रेघेकडं बगायला नको?

तुमी कुटं बगत व्हता, सांगू? लोकांकडं. पहिल्या डावात तुमचं सगळं बरोबर चाललं व्हतं — खोटं कशाला बोलू, आमच्या विरुद्ध दिलं ते बी बरोबरच दिलं. मधल्या सुट्टीनंतर मागनं कुणीतरी बोंबललं, "पंच, मासवडी गोड लागली का?" अन् सगळं मैदान खिदळलं. तुमचे कान लाल झाले. मी बायकांत बसले व्हते, दिसलं मला. तिथनं पुढं तुमची शिट्टी फिरली. ह्यानं वारूळवाडीच्या कॅप्टनच्या घरचं खाल्लं असं कुणी म्हणू नये — म्हणून जे जे अडलं, ते ते आमच्या पोरींच्या उरावर! आवो, गावाची रीत हाय ती. पंच आलं की कुणाच्या तरी घरी जेवणारच. उपाशी ठेवायचं का पावण्याला? त्यात आमचं काय चुकलं?

आं? दुसऱ्या घरी ठेवायचं व्हतं? ठेवणारच व्हते की. रखमाजी पाटलांकडं ठरलं व्हतं तुमचं जेवण. मीच गेले त्यांच्या मालकिणीकडं, म्हणलं, वैनी, औंदा पंच आमच्याकडं द्या, तुमच्याकडं आधीच पावणं लई — म्हंजी, तसं काय मनात न्हवतं हां! आमच्या बाजूनं द्या असं कुणी म्हणलं तुमाला? एक शब्द तरी? पण आईचं मन असतं, भाऊ. वाटतं, चार घास गोड लागले तर निदान पोरीचा राग राग तरी करणार न्हाई. पहाटं उठून पाट्यावर मसाला वाटला मी. हौसंनं वाटला. अन् त्याच मासवडीनं माझी पोर... जाऊ द्या. चहा घ्या, निवतोय.

निवडीचे सायब मांडवात बसले व्हते, ते तर तुमाला बी ठावं व्हतं. जिल्ह्याच्या संघाला पोरी घ्यायच्या त्या जिंकणाऱ्यांतनं, हे आधीच सांगितलं व्हतं त्यांनी. वरीसभर त्याच्याच मागं लागली व्हती माझी पोर. दिवसभर कांदे काढायचे अन् ऊन उतरलं की मैदान. गुडघे बगा तिचे, कातडं न्हाई जाग्यावर. अन् एवढं झाल्यावर घरी येऊन म्हणती काय? "आई, माझंच चुकलं. पाय बाहेर पडला असंल. पंच कशाला खोटं सांगतील?" घ्या! तुमचीच बाजू घेती! मी म्हणलं, अगं, मी बगून आले. आले ना — तिकडं ढाल देत व्हते, तवा मी मैदानात जाऊन वाकून बगितलं. टाच उमटलीय आतल्या अंगाला, अन् फक्की जशीच्या तशी. ऐकत न्हाई. म्हणती, तू आईच्या डोळ्यानं बगती. पुढच्या साली परत निवड हाय, तवर रेघेवरचा पाय पक्का करते म्हणती. आता बी गोठ्यामागं रेघ मारून पळतीय — धपधप ऐकू येतंय ना? तीच ती. म्हणून विचारते, पंच. एकदा तोंडानं सांगा, म्हंजी मी तिला हाताला धरून आणते, म्हणते ऐक तुझ्या पंचाचं. कप ठिवा खाली. बोला की!

काय म्हणलं?

आत व्हता.

म्हंजी दिसला व्हता. दिसला, अन् तरी हात वर केला. आरं देवा... एका मासवडीच्या टिंगलीपायी? लाज न्हाई वाटली, भाऊ?

अन् उठलात कुटं? तिला सांगायला? माफी मागायला? बसा! खाली बसा. मी म्हणलं व्हतं आणते, ठावं हाय मला, मीच म्हणलं. आता न्हाई. आमच्या जावंची तेजस्विनी, हिच्याहून चपळ पोर. तिला बी असंच बाद केलं एकदा, अन् त्या पंचानं मागनं येऊन कबूल केलं, माझं चुकलं म्हणून. त्या दिवसापासनं मैदानात पाय न्हाई ठेवला तिनं. म्हणली, आत असलेला पाय बाहेर धरणार असतील तर पळू कशाला? माझ्या इंद्रायणीला वाटतंय, तिचं चुकलं. चुकलेलं सुधारता येतं, म्हणून तिकडं पळतीय ती. तुमी खरं सांगितलं तर काय सुधारंल ती? तुमाला?

गप. धपधप थांबली. येतीय.

— ये गं इंदे. पंच आलेत, बॅग ऱ्हायली व्हती त्यांची. व्हय, विचारलं मी, तोंडावर विचारलं. पाय बाहेरच व्हता म्हणत्यात. टाच. बोटभर. — व्हय ना, पंच? मान हलवा की, पोर बगतीय.

हां. ऐकलंस? जा, उजेड हाय तवर कर तुझं.

घ्या तुमची बॅग. निघा.