डब्यातला सूर्य

फोटोच्या नादाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या तात्यांचं ऐका. एकतीस-बत्तीस साल असेल. तात्या बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी डबा-कॅमेरा आणला आणि रोज संध्याकाळी पडवीतून समुद्रात बुडणाऱ्या सूर्याचा एकेक फोटो घ्यायला लागले. आठवा फोटो घेतला नि रीळ संपलं. दुसऱ्या दिवसापासून असं मळभ धरलं, की चार दिवस सूर्यच दिसेना. अंगणात सुकत घातलेल्या बांगडा-मासळीला वास सुटला.

थोरली आत्या म्हणाली, "रोज थोडा थोडा डब्यात भरलास त्याला. आता वर उरणार काय? सोड बघू."

तात्या पोट धरून हसले आणि विहिरीवर आंघोळीला गेले. परत येऊन बघतात तर आत्या पडवीत कॅमेरा उघडून बसलेली, रीळ सगळं बाहेर. उजेड लागून आठही फोटो गेले.

तात्या तिच्यावर ओरडणार, तोच अंगणात लख्ख ऊन पडलं. आत्या बांगडे उलटायला उठली.

तेव्हापासून जरा मळभ आलं, की वाडीतल्या बायका आमच्या दारात.

"तात्यानू, डबा तेवढा उघडा."