मधला सूर मेणानं बुजवला

आमी मूळचे हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावरचे. बा मेंढरं राखायचा, म्याबी राखली, पर जीव सगळा भजनातल्या पेटीत. मग भोरला एका बँडपार्टीत लागलो, तितं अकॉर्डियन शिकलो, गळ्यात अडकवायची, भाता वढायचा, उजव्या हातानं गानं आन डाव्या हातानं बटनं. लई वरसं वाजवलं. डीजे आला आन बँड बसला. मालक म्हनला, धनाजी, ह्या बारक्या अकॉर्डियनला आता कोन इचारतंय, तूच घिऊन जा.

काय सांगू तुमाला, अगदी बारकी, डाव्या अंगाला आठच बटनं. चार एकेका सुराची आन चार अशी की एक दाबलं की तीन सूर संगट वाजत्यात, पर ते कायम हसरे. वरातीला बरं. आमची सगुणा, म्हंजी माझी बायकू, जात्यावरच्या ओव्या म्हनायची, आन तिची चाल पडली रडवी. हळदीची ओवी म्हनली तरी बायका पदरानं डोळं पुसायच्या. तिचा गंधार, म्हंजी सारेगमतला ग, उतरता आन माझ्या बटनातला चढा. म्या बटन दाबलं की ती थांबायची. म्हनायची, अवं, म्या रडतीया आन तुमचं खोकं दात काडतंय.

मागल्या साली तिचा आवाज बसाय लागला. पुन्याचा डाक्टर म्हनला, गळ्यात गाठ हाय, आप्रेशन करावं लागंल, जीव वाचंल पर आवाजाचं सांगता येत न्हाई. तिच्या भनीच्या पोरीचं लगीन सारोळ्याला, आप्रेशनच्या आदी आठ दिस. आमच्यात जात्याला हळकुंड बांधून हळद दळत्यात, आन पयली ओवी मानाची बाई म्हन्ती. मान सगुणाचा. ती म्हनली, ही माझी शेवटची ओवी, तुमी सूर धरा. कुणीतरी मोबाईलमधी भरून घील.

मग म्या खोकं खोललं. आत पोलादी जिभा अस्त्यात, एकेक जीभ म्हंजी एकेक सूर. माझ्या डोस्क्यात आलं, तिनातला मधला सूरच मारावा, गंधार. ऱ्हायले दोन, ते ना हसरे ना रडवे. मग गंधार उजव्या हातानं घ्यायचा, पायजे तर चढा, पायजे तर उतरता. एक सूर मारला की दोन वाटा मोकळ्या. पर एकच जीभ दोन बटनांना चालत व्हती, ती बुजवली तर शेजारचं बटन लंगडं झालं, म्हनून परत उघडली. चारातली तीन बटनं जमली. बुजवायला काय, तर डोंगरातल्या पोळ्याचं मेण. आमी धनगर, मेंढराची जखम असू दे न्हाईतर फुटकी घागर, आमाला मेणच आटवतं.

आन जमलं बगा! सगुणानं उंबऱ्यात बसून ओवी धरली, म्या बटन दाबलं, ती थांबली न्हाई. डोळं मिटून म्हनत ऱ्हायली. म्या तिच्याकडं बगून रडलो, खोटं कशाला सांगू.

लग्नाला टेम्पोनं निघालो. मागं हौद्यात आदळंल म्हनून अकॉर्डियन म्या पुढं ठिवली, काचंमागं, जपून. भोरला बाजार करस्तवर टेम्पो दोन तास उन्हात उबा. आमच्या वाडीवर मेण कंदी इतळत न्हाई, उन्हाळ्यातबी गार वारं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

सारोळ्याला बायका जात्याभवती बसल्या. सगुणानं खुंट्याला हात लावला, माझ्याकडं बगितलं. म्या बटन दाबलं. घुर्रर्र, आजारी शेरडावानी, आन मग कायबी न्हाई. मेण इतळून सगळ्या जिभांत गेलेलं. बायका हसल्या. म्या दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. तवर पोरांनी डीजे लावला. सगुणा म्हनली, असू द्या. आन उटली. तिनं नुसतंच म्हनलं असतं, पर तिला सूर धरलेलाच पायजे व्हता, मेण बुजवल्यापास्नं माझ्या सुराची सवय लागलेली.

आप्रेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला.

म्या दाभनानं मेण खरडलं, जिभा वाकल्या, दोन तुटल्या. पुन्यात इचारलं, ते म्हनले, असलं जुनं कोन दुरुस्त करतंय. माझ्याच हातानं झालं, दुसऱ्याला काय बोल लावायचा. तुमी ओव्या इचारत इतक्या लांब चढून आलासा, द्येव तुमचं बरं करो, तुमच्या घरात कुनी ओवी म्हनत असंल तर म्हनून घेऊ द्या, सुराची वाट बगू नगा.

ती अजून नाचनी दळती. दळताना व्हट हालत्यात. म्या समोर बसून भाता वढतो. जितं सूर पायजे तितं ती वर बगती, म्या बटन दाबतो, आन नुसतं वारं येतं.