दीड वाजता मरणारं कार्ड

...नाही, मला एक सांगा, फ्रिजमध्ये माणूस काय ठेवतो? दूध, दही, कोथिंबीर, कालची आमटी, झालंच तर मोगऱ्याचा गजरा. वायर ठेवतो का हो कोणी? आमच्या फ्रिजमध्ये वायर आहे! मधल्या कप्प्यात साबणाचा डबा, डब्याला भोक, भोकातून वायर, ती दाराच्या रबराखालून बाहेर, बाहेर मोबाईलचा चार्जर, आणि डब्यात एक हिरवी पट्टी, तिच्यावर नखाएवढं मेमरी कार्ड आणि एक लाल दिवा, जो दर मिनिटाला माझ्याकडे बघून डोळा मारतो. माझ्याकडेच! बायको दार उघडते तेव्हा नाही मारत, मी उभा राहून पाहिलंय. मी संशयी नाही हो, पण तीस वर्षं मुलुंडच्या जकात नाक्यावर काढली आहेत, टेम्पोवाला म्हणाला 'साहेब, नुसते कांदे आहेत' की मी आधी कांद्यांच्या खाली हात घालायचो.

हा सगळा उद्योग आमच्या सूनबाईंचा. नूपुर. लोअर परळला बँकेत नोकरी, हुशार, बोलायला गोड, आणि छंद काय, तर सर्किट! लोकांच्या सुना केक करतात, मेंदी काढतात, आमची सून हातात सोल्डरिंगची गन घेऊन बसते. त्यातून लॅमिंग्टन रोड आमच्या गिरगावातून चालत दहा मिनिटं, म्हणजे रविवारी बाई भाजी आणायला जाते आणि कोथिंबिरीच्या जुडीबरोबर चार सेन्सर घेऊन येते! मुलगा राजस बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात, तो काय अडवणार? मी विचारलं, 'नूपुर, फ्रिजमध्ये हे काय गं?' तर म्हणते, 'बाबा, टेंपरेचर लॉगर. दर मिनिटाला फ्रिजचं तापमान कार्डावर लिहून ठेवतो. संध्याकाळी कार्ड काढायचं आणि लॅपटॉपवर बघायचं.' म्हटलं, 'कशाला?' तर म्हणे, 'असंच.'

असंच! ऐकलंत? नाक्यावर 'असंच' म्हणणाऱ्याच्या ताडपत्रीखाली काहीतरी हमखास सापडायचं. आणि मला सांगा, दार उघडलं की आतलं तापमान वाढणार, वाढलं की ते कार्डावर लिहिलं जाणार, वेळेसकट! म्हणजे फ्रिज कोणी कधी उघडला, याचा पंचनामाच की! दुपारी घरी असतं कोण? नलू, म्हणजे आमची सौ., दीडला जेवून आडवी होते ती तीन वाजेपर्यंत घोरते. उरलं कोण? मी संशयी नाही हो, पण इतकं गणित मलाही येतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं... मला डायबिटीस आहे. दहा वर्षं. शुगर दोनशे ऐंशी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असा पिकलाय, उजवाही अधूच, की समोरच्या गॅलरीतला अजित आहे की त्याचा वाळत घातलेला शर्ट, ते कळत नाही. ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं. आमच्या डॉक्टर दीपिका म्हणतात, 'काका, आधी शुगर दोनशेच्या खाली, मग डोळा.' आणि शुगर काही उतरत नाही! इन्सुलिन आहे, फ्रिजच्या दारात असतं, मला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत म्हणून नूपुरच रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी टोचते. पथ्य आहे. बिनसाखरेचा चहा आहे. शिवाय नूपुरनेच आणलेलं कारलं-जांभूळ चूर्ण आहे, दमट होऊ नये म्हणून तेही फ्रिजमध्ये, मोठा पांढरा डबा, वास असा की त्याचं झाकण उघडायची घरात कुणाची हिंमत नाही.

आणि त्या डब्यात, तुम्हाला सांगतो, त्या डब्यात श्रीखंड आहे!

हसू नका! चूर्ण मी गॅलरीतल्या कुंडीत ओतलं, जास्वंद त्या दिवसापासून रुसलीय, आणि डबा चार वेळा घासून, उन्हात ठेवून, नाक्यावरच्या डेअरीतलं केशर-वेलचीचं श्रीखंड त्यात भरलं; नवा डबा आला की त्याचंही तेच. लेबलावर लिहिलंय, दिवसातून दोन वेळा, दोन-दोन चमचे. मी लेबलाच्या बाहेर कधी गेलो नाही. दुपारी दीडला दोन चमचे, संध्याकाळी पाचला दोन. पथ्याला माणसाने पक्कं असावं.

तर आला हा साबणाचा डबा. पहिल्या दिवशी दीड वाजता मी दार उघडलं, दिवा लुकलुकला! हात चमच्याकडे जाईना. मग लक्षात आलं, कार्ड बसतं खाचेत, नखाने दाबलं की 'टिक' करून अर्धं बाहेर येतं. दाबलं. टिक! आता लिही म्हटलं कशावर लिहितोस ते! शांतपणे दोन चमचे घेतले, चमचा धुतला, पुसला, कार्ड परत खाचेत ढकललं, दार लावलं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

संध्याकाळी नूपुर आली, कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं. 'अरेच्चा! एक वाजून बत्तीस मिनिटांनी बंद पडलंय. पुढे एक ओळ नाही. कार्ड तर जागेवर आहे!' मला काय माहीत हो, की एकदा कार्ड निघालं की त्या यंत्राचं डोकं फिरतं आणि परत लावलं तरी ते लिहीत नाही? मी पेपर वाचत होतो. म्हणजे, धरून बसलो होतो, वाचता कुठे येतंय!

दुसऱ्या दिवशी तिने कार्ड फॉरमॅट केलं. एक एकोणतीसला मेलं. तिसऱ्या दिवशी नवीन कार्ड. एक चौतीसला मेलं. मग म्हणे वायरी लांब आहेत, वायरी कापल्या. मग म्हणे आत दव धरतंय, बुटांच्या खोक्यातल्या त्या बारक्या पुड्या आणून डब्यात घातल्या. मग करंट कमी पडतोय, चार्जर बदलला. मग प्रोग्रॅमच पहिल्यापासून लिहिला, दोन संध्याकाळी जेवण अर्धं टाकून! मग डबा फ्रिजमधून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर चोवीस तास धडधड चालला. परत फ्रिजमध्ये ठेवला, एक एकतीसला मेला! 'बाबा, दीडच का? रोज दीडच का?' आता मी काय सांगू? म्हटलं, 'राहूकाळ असेल.' मी संशयी नाही हो, पण ती प्रश्न विचारायची तेव्हा माझ्या तोंडाकडे बघतेय असं वाटायचं. ओठांना केशर लागलं असेल का?

पुढे तर कहरच. तिने शोध लावला की दीड वाजता चाळीचा पाण्याचा पंप सुरू होतो, त्याने व्होल्टेज खाली येतं, त्याने कार्ड मरतं. गेली ती सेक्रेटरीकडे, आमच्या अजितकडे. आणि तिचं बोलणं गोड, म्हटलं ना मी! दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीचा पंप दीडला बंद! चार मजले कोरडे! बायका भांडी घेऊन गॅलरीत, अजित खालून ओरडतोय, 'पाच मिनिटं थांबा ओऽऽ, नूपुर वहिनींचं सायन्स चालू आहे!' आणि वर मी, एका हातात चमचा, एका नखाखाली कार्ड. टिक! एक अडतीस. पंप निर्दोष सुटला. अजित संध्याकाळी जिन्यात भेटला, 'काय हो केळुसकर काका, काय आहे काय तुमच्या त्या फ्रिजमध्ये?' मी 'चूर्ण' म्हटलं नि पुढे झालो.

आणि मग तिने काय करावं? मला वही दिली! 'बाबा, तुम्ही दुपारी घरीच असता. दीडच्या सुमारास जरा लक्ष ठेवाल? लाईट जातेय का, फ्रिज आवाज करतोय का, काही दिसलं तर लिहून ठेवा. प्लीज हं.' म्हणजे चोरालाच पहाऱ्यावर बसवलं हो! मी रोज लिहायचो, 'दीड वाजता विशेष काही नाही.' सहीसकट. मी संशयी नाही हो, पण मला खात्रीच पटली, हा सापळा आहे. हिला सगळं ठाऊक आहे, नलूही सामील आहे, राजस बोटीवरून सूत्रं हलवतोय, आणि एक दिवस तिघं मिळून ती वही माझ्यापुढे आपटणार.

मग रविवार आला. सकाळी मी आंघोळीहून येतोय, तर नूपुर गॅलरीत फोनवर. मी थांबलो. चोरून ऐकणं वाईट, पण सवय. 'नाही डॉक्टर दीपिका, डोस लगेच वाढवू नका ना... मला वाटतं इन्सुलिनच खराब होतंय. आमचा फ्रिज जुना आहे, दुपारी आत गरम होत असेल, म्हणून लॉगर ठेवलाय, पण ते कार्ड... नाही, बाबांना सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेतील. पथ्याचं? छे! बाबा पथ्यात अगदी कडक आहेत. चूर्णसुद्धा चुकवत नाहीत, डबा महिन्यात दोनदा संपतो. त्यांच्यावर शंका घेण्याचा प्रश्नच नाही. दोष फ्रिजचा आहे, मी शोधून काढते.'

टॉवेल खांद्यावर घेऊन मी तिथेच उभा राहिलो. लाज वाटली हो. तीस वर्षं दुनियेच्या ताडपत्र्या उचकटल्या, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. पोरगी माझ्यासाठी वायरी कापत बसलीय आणि मी तिच्यात सापळा बघतोय!

सोमवारी मी फ्रिजला हात लावला नाही. दीडला नाही, पाचला नाही. खुर्चीवर बसून राहिलो, मांडीखाली हात घालून. संध्याकाळी नूपुरने कार्ड लावलं आणि किंचाळली, 'आई, बाबा, चाललं! पूर्ण दिवस चाललं!' स्क्रीनवर म्हणे सरळ रेघ. चार डिग्री. दिवसभर चार. मीही टाळ्या वाजवल्या, म्हटलं सुटलो, झालं एकदाचं.

पण ती खुर्चीत बसली. 'म्हणजे फ्रिज चांगला आहे,' म्हणाली, 'इन्सुलिन चांगलं आहे. मग... मग मीच चुकतेय. इंजेक्शन मीच चुकीचं देते. इतके महिने. बाबांचं ऑपरेशन माझ्यामुळे अडलंय, आई.' आणि डोळ्यांतून पाणी. नलू तिच्या पाठीवरून हात फिरवतेय, 'नाही गं, असं काही नसतं,' आणि माझ्याकडे बघतेय, काहीतरी बोला म्हणून.

मी उठलो. फ्रिज उघडला. चूर्णाचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. नलू नाक दाबायला गेली आणि मधेच थांबली. केशराचा वास लपतो का? मग मी साबणाचा डबा आणला, नूपुरसमोर धरला, कार्डावर नख दाबलं. टिक. म्हटलं, 'रोज दीड वाजता. हे मी करायचो.'

मी मान खाली घालून उभा, म्हटलं आता ही रडणार, ओरडणार, राजसला फोन लावणार, जे होईल ते ऐकून घ्यायचं. नूपुरने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा कार्डाकडे, आणि अशी उडी मारली म्हणून सांगू! 'म्हणजे माझं सर्किट बरोबर होतं? वायरी बरोबर होत्या? प्रोग्रॅम बरोबर होता? आई, मी काहीच चुकले नव्हते! बाबाच होते!' आणि मला मिठी! माझं पाप बाजूला, हिला सर्किटचा आनंद! नलू मात्र श्रीखंडाकडे बघत होती. हळूच म्हणाली, 'इतके महिने... एकट्याने? मला एकदा विचारलं नाहीत?'

महिना झाला. श्रीखंड बंद, अगदी खरंखुरं बंद. शुगर एकशे सत्तर. पुढच्या मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, परळला. डॉक्टर दीपिकांना मीच सांगितलं सगळं, त्या खूप हसल्या आणि मग खूप रागावल्या.

आणि काल नूपुर म्हणते, 'बाबा, त्या कार्डासाठी मी इंटरनेटवर जगभरातल्या लोकांची मदत मागितली होती, बिचारे तीन आठवडे डोकं लावत होते. शेवटी काय सापडलं ते लिहायची तिथे पद्धत आहे. लिहिलं मी.' म्हटलं, 'वाच. मला दिसत नाही.' तिने वाचलं, 'कार्ड ठीक. वायरी ठीक. फ्रिज ठीक. बिघाड सासऱ्यांमध्ये होता.' खाली ब्राझीलहून कुणीतरी विचारलंय, 'मग तो पार्ट बदलून टाकलात का?' मी विचारलं, 'तू काय लिहिलंस?'

तर म्हणाली, 'लिहिलं, नाही हो. हा पार्ट आता कुठे मिळत नाही. आहे तोच सांभाळून वापरतोय.'