कॉलरच्या आतला तांबूस डाग

(दुपार. लाँड्रीची मागची खोली, डाग काढायच्या टेबलाजवळ. नवरा-बायको दोघंच. बायकोच्या हातात नवऱ्याचा शर्ट.)

बायको : घाम पिवळा पडतो. घामाचं मला सांगू नका.

नवरा : मग गंज असेल. तारेवर वाळत होता ना.

बायको : गंज कॉलरच्या आतल्या बाजूला, बरोबर कानाखाली? तार काय तुमच्या गळ्यात पडली होती? इकडे या, उजेडात बघा. तांबूस आहे. बायका तोंडाला लावतात तसला.

नवरा : गिऱ्हाइकाच्या कपड्याचा लागला असेल. एका मशीनमध्ये...

बायको : घरचे कपडे मी गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये टाकलेत कधी? सव्वीस वर्षांत एकदा तरी?

नवरा : नाही.

बायको : हा तिसरा शर्ट आहे. पहिल्याच्या वेळी मी काही बोलले नाही. साबण लावला, हलला नाही. गरम पाणी, हलला नाही. सोड्यात भिजवला, तरी जसाच्या तसा. मग स्पिरिटचा बोळा फिरवला, तेव्हा कुठे बोळ्यावर उतरला. म्हणजे ही साधी पावडर नव्हे. चार दिवस अंगावरून जाणार नाही असलं काहीतरी आहे. कोण ही बाई, जिला चार-चार दिवस तोंड धुवायचं नसतं?

नवरा : आता यात बाई कुठून आली?

बायको : तेच विचारतेय. कुठून आली?

नवरा : दुसऱ्यांचे कपडे बघून बघून तुला सगळीकडे डागच दिसायला लागलेत.

बायको : दिसतात. पण कोणाच्या कॉलरवर काय होतं ते या तोंडातून कधी बाहेर गेलं नाही. त्या दंतवैद्याच्या बायकोने समोर उभं राहून विचारलं होतं, तरी मी मूग गिळून बसले. आता स्वतःच्या नवऱ्याच्या शर्टाबद्दल तरी बोलू द्या. हात पुढे करा.

नवरा : हाताचं काय?

बायको : बाही वर. अजून वर. केस कुठे गेले?

नवरा : उकडतं म्हणून काढले.

बायको : पन्नाशी उलटली, इतकी वर्षं नाही उकडलं? छातीवरचेही काढलेत. मला काय दिसत नाही?

नवरा : हळू गं. बाहेर कोणी असेल.

बायको : शटर ओढूनच आलेय मी. दर रविवारी सकाळी जाता ते संध्याकाळी उगवता. मित्राच्या प्रेसमध्ये पुस्तकं बांधायला मदत करतो म्हणे! आलात की थेट न्हाणीघरात, तासभर. बाहेर येता तेव्हा अंगाला दवाखान्यासारखा वास. दारूचा असता तर बरं वाटलं असतं, निदान ओळखीचा तरी. मी प्रेसमध्ये फोन केला.

नवरा : केलास?

बायको : केला. तुमचा मित्र म्हणतो, वहिनी, तो मला सहा महिन्यांत भेटलेला नाही, बरा आहे ना? तरी हसून म्हटलं, बरा आहे हो, चांगला ठणठणीत आहे.

नवरा : बस जरा.

बायको : बसणार नाही. उभ्या उभ्या सांगा. कोण आहे?

नवरा : तो रंग कुठल्या बाईच्या तोंडचा नाही. माझ्याच अंगाचा आहे.

बायको : तुमच्या?

नवरा : मला लावतात. तोंडाला, मानेला, दोन्ही हातांना, इथे छातीपर्यंत. केस असले की नीट बसत नाही, म्हणून काढले. स्पिरिटमध्ये कालवतात तो. घामाने जात नाही, पाण्याने जात नाही. काढायचा तोही स्पिरिटनेच. कानामागे राहतो थोडा, मला दिसत नाही ना.

बायको : आणि या वयात तुम्हाला रंग फासतंय कोण? नाटकात घेतलं की काय कोणी?

नवरा : नाटक नाही. ती मुलं नाही का, गोष्टीतल्या माणसांसारखी हुबेहूब सजतात आणि हॉलमध्ये जमतात. जमिनीखाली राहणाऱ्या तांब्याच्या लोकांची गोष्ट आहे. मी त्यांचा म्हातारा राजा. कॉस्प्ले म्हणतात त्याला.

बायको : काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. हा शब्द या घरात कोण बोलायचं, तेही ठाऊक आहे.

नवरा : हो.

बायको : ठकी लावते?

नवरा : ठकी लावते.

बायको : आपली ठकी?

नवरा : आपल्याला दुसरी मुलगी कुठे आहे?

बायको : कशावरून? इतके महिने खोटं बोललात, हेही खोटं नाही कशावरून?

नवरा : हा घे फोन. बघ फोटो.

बायको : हे तुम्ही? अगं बाई, ओळखूच येत नाही. आणि ही मागे... केस कापलेत तिने. बारीक झालीय. डाव्या हातात ब्रश. म्हणजे कॉलरवर तो हिच्या हातचा रंग होता, आणि मी बाई शोधत बसले. कधीपासून चाललंय हे?

नवरा : पाच महिने. आधी नुसता भेटायला गेलो होतो. दारातच अडवलं तिने. आईने पाठवलं असेल तर परत जा म्हणाली. मी म्हटलं, नाही पाठवलं. मग म्हणाली, मला एक म्हातारा हवाच आहे, बसा.

बायको : आणि मला सांगावंसं वाटलं नाही?

नवरा : तिचं नाव काढायचं नाही या घरात, असं कोण म्हणालं होतं?

बायको : आजवर माझं दुसरं काही ऐकलंत? नेमकं तेवढंच ऐकायचं होतं? ...माझ्याबद्दल काही बोलते का?

नवरा : त्या अंगरख्याबद्दल बोलते.

बायको : वर्ष झालं त्याला. तेवढ्यावरून घर सोडून गेली.

नवरा : दोन महिने खपून मळवला होता पोरीने. चहाचं पाणी, माती, काजळी, एकेक डाग हाताने बसवलेला. भिकारीण व्हायचं होतं तिला. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू तो पांढराशुभ्र धुऊन, कडक इस्त्री करून हँगरला लावलास.

बायको : मळका दिसला, धुतला. माझा धंदाच आहे तो.

नवरा : मीही तिला हेच सांगतो दर वेळी. आईच्या लक्षात आलं नाही गं. तर ती म्हणते, बाबा, डाग बघून माणूस काय जेवला ते आई सांगते. तिला हाताने लावलेला मळ ओळखू आला नसेल?

बायको : मग तुम्ही काय म्हणालात?

नवरा : म्हटलं, नाही आला. आता तू सांग. आला होता?

बायको : किती उकडतंय इथे.

नवरा : इतका वेळ माझी उलटतपासणी चालली होती. मी एवढं एकच विचारतोय.

बायको : आला होता.

नवरा : कधी?

बायको : हातात घेतल्या घेतल्या. खरा मळ आधी शिवणीत बसतो, तिची शिवण कोरी होती. कोपरावर काजळी किती बेताने लावली होती, बोटाने. किती मेहनत घेतलीय ते मला दिसत होतं. तरी टाकला मशीनमध्ये. राग आला होता मला. लोकांचा मळ काढून काढून हिला वाढवली, आणि ही हौसेने मळ लावत बसलीय. नंतर तिने विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, मला काय माहीत! वाईट केलं मी. फार वाईट केलं.

नवरा : हे मी तिला सांगणार नाही. तुझं तू सांग.

बायको : फोनवर?

नवरा : उचलत नाही ना ती. दर रविवारी अकराला तुझा नंबर दिसतो आणि ती फोन पालथा ठेवते.

बायको : मी फोन करते ते तुम्हाला माहीत होतं?

नवरा : समोरच बसलेला असतो मी, तोंडाला रंग लावून घेत.

बायको : मग दारात जाऊन उभी राहीन.

नवरा : दार लावून घेईल. तिचा हट्ट काय माझ्यावर गेलाय? पण त्या राजाला एक म्हातारी आई हवीय, आणि तिला कोणी मिळत नाहीये. तुला समोर बघून ब्रश हातात घेईल की नाही, ते मी छातीठोक सांगत नाही. पण एकदा घेतला की मधेच उठत नाही ती. रंग अर्धवट राहिला की पट्टे पडतात.

बायको : आणि बोलायचं कधी?

नवरा : तोंडाला लावताना आपण गप्प बसायचं, ती बोलते. हातांची पाळी आली की आपण बोलायचं.

बायको : किती वेळ चालतं ते?

नवरा : मला तीन तास लागतात. तुझं तोंड आणि कोपरापर्यंत हात, दीड तासात होईल.

बायको : दीडच?