गाडीचा डोळा

गरिमा : आबा, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवा ना.

जगदेवराव : ठेवलेत की. बोटं आहेत.

गरिमा : बोटं? ऐंशीचा स्पीड, झाशी रोड, आणि आज दसऱ्याची गर्दी!

जगदेवराव : बाकीचं ती बघते, बेटा. लेन सोडत नाही, पुढची गाडी हळू झाली की आपोआप हळू होते. शोरूमवाल्याने माझ्यासमोर पुठ्ठ्याचा माणूस उभा केला होता. हातभर आधी थांबली बघ!

गरिमा : इथे पुठ्ठ्याची माणसं नाही फिरत. इथे म्हशी फिरतात.

जगदेवराव : म्हशीलाही थांबेल. तू फिकर नको करू. डबऱ्याला जाऊन तुझ्या महिपतरावकाकाला सोनं देऊ आणि उजेडातच परत येऊ. परवा तर मला तुझ्या आईला घेऊन उज्जैनला जायचंय.

गरिमा : तुम्ही दोघंच?

जगदेवराव : चौघं. मी, तुझी आई, गाडी आणि महाकाल.

गरिमा : आबा, समोर काय आहे?

जगदेवराव : कुठे?

गरिमा : समोर. एकदम सरळ समोर.

जगदेवराव : रस्ता आहे.

गरिमा : ट्रॉली आहे! भुशाची ट्रॉली उभी आहे, आबा!

जगदेवराव : असू दे, थांबेल ना ती.

गरिमा : नाही थांबत आहे! ब्रेक! आबा, ब्रेक!

(करकचून ब्रेक. गाडी ट्रॉलीच्या अगदी मागे थांबते, मग हळूहळू रस्त्याच्या कडेला येते.)

जगदेवराव : लागलं तुला?

गरिमा : नाही. बेल्ट होता. तुम्हाला?

जगदेवराव : तिने का नाही मारला? मी मारला, तोही तू ओरडलीस म्हणून. तिने का नाही मारला, गरिमा?

गरिमा : स्क्रीनवर काय लिहिलंय, वाचा.

जगदेवराव : तो पिवळा दिवा सकाळपासूनच आहे. सर्व्हिसिंगचं काही असेल.

गरिमा : दिव्याच्या खाली लिहिलंय, आबा. ते वाचा.

जगदेवराव : चष्मा कुठे ठेवला मी...

गरिमा : नाकावर आहे तुमच्या.

जगदेवराव : तू वाच.

गरिमा : कॅमेरा झाकला गेला आहे. ऑटो ब्रेक बंद, लेन बंद. मतलब सुबह से गाडी तुम्हीच चालवताय. दोन बोटांनी! आणि मी शेजारी बसून गप्पा मारतेय.

जगदेवराव : झाकला? कशाने झाकला?

गरिमा : आरशामागे बाहेरून काचेवर हे काय फासलंय? शेंदूर?

जगदेवराव : पूजेचा आहे. तुपात कालवलेला.

गरिमा : पूजा तर बॉनेटवर करतात!

जगदेवराव : तिथे केलीच. आधी तलवारीला लावला, मग गाडीला. शोरूमवाला म्हणाला होता, आरशामागे तिचा डोळा आहे. म्हणून तिथे मुद्दाम लावला, चांगला जाड. ज्याच्या भरवशावर चालायचं, त्याची पूजा नको करायला?

गरिमा : पण तिच्या डोळ्याचा भरवसा कशाला? तुमचे डोळे आहेत ना?

जगदेवराव : चल, काका वाट बघत असतील.

गरिमा : बात मत टालिए. ट्रॉली घराएवढी होती, आबा. भर उन्हात उभी होती.

जगदेवराव : उजव्या डोळ्याने मधोमध काळं दिसतं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. आता डाव्यालाही सुरू झालंय.

गरिमा : कब से?

जगदेवराव : गणपतीच्या आधी डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद करा.

गरिमा : आणि गणपतीत तुम्ही ही नवी गाडी आणली.

जगदेवराव : लग्न झालं तेव्हापासून तुझ्या आईला मीच नेतो-आणतो. जुनी जीप होती तेव्हाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ती डोळा मिटत नाही, जीव मुठीत धरून बसते. माझ्या शेजारी मात्र शहरातला पडावचा पूल ओलांडायच्या आत झोपते. तिला काय सांगू मी? भीती वाटते गं मला.

गरिमा : परवाही ती झोपलीच असती. ओरडायला मी नसते.

जगदेवराव : बस कर, बेटा.

गरिमा : गाडी वाईट नाही, आबा. तिला दिसेनासं झालं, तिने लगेच सांगून टाकलं. तुम्ही गणपतीपासून नाही सांगितलं.

जगदेवराव : मग उज्जैन राहिलं?

गरिमा : मी नेते ना. तुम्ही दोघं मागे बसा. पण आईला आज घरी गेल्यावर तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार.

जगदेवराव : सांगतो.

गरिमा : उतरा, मी तिकडे येते. आधी ती काच पुसते.

जगदेवराव : थांब, मी लावलाय, मीच पुसतो. रुमाल दे. बाटली पण दे.

गरिमा : जोर लावा, तूप आहे.

जगदेवराव : निघाला का सगळा?

गरिमा : बघा ना तुम्हीच.

जगदेवराव : नाही दिसत, बेटा. तू बघ.