भोंग्याच्या अंगाया

...नाही, पण अंगाई? तुम्हीच सांगा, अंगाई? ज्याला आमच्या रॉक बँडमध्ये सगळे भोंगा म्हणतात, ज्यानं तोंड उघडलं की पहिल्या रांगेतली माणसं कानात बोटं घालून नाचतात, त्या माणसानं एकट्याचा पहिला अल्बम काढावा, आणि तो अंगायांचा? जळतोय कोण? मी? छे! मी आपला बँडचा ड्रमर, मला काय करायचंय!

आणि तुम्हाला सांगतो, मला कळलं कुणाकडून, तर बायकोकडून! "अरे, तुमच्या भोंग्यानं काय गोड गायलंय!" गोड! कॉलेजपासून ज्याच्या मागे बसून मी घाम गाळला... हो, मागेच, ड्रमरला जन्मभर गायकाची पाठच दिसते, त्याच्या मानेवरचा तीळ त्याच्या आईपेक्षा मी जास्त बघितलाय... त्यानं मला एका शब्दानं सांगू नये? फोन लावला. तर म्हणतो कसा, मऊ मऊ आवाजात, "तू हसशील म्हणून नाही रे बोललो." हसलोच मी! पोट धरून हसलो! मग फोन ठेवला, अल्बम ऐकला... आणि हसू पार आटलं. चांगला होता हो! तोच तर वैताग!

मग त्याचा पहिला कार्यक्रम. मी गेलो. तो कसा आपटतो ते बघायला... म्हणजे, शुभेच्छा द्यायला. बरोबर बायको आणि खांद्यावर आमची लेक. या पोरीचं आणि झोपेचं हाडवैर. मी थोपटायला लागलो की अशी बघते, जणू म्हणतेय, "बाबा, ताल चुकतोय." हॉलमध्ये बघतो तर सगळ्या आया, आज्या, आणि मांडीमांडीवर पोरं. भोंगा स्टुलावर, अंगात इस्त्रीचा शर्ट! मी कान टवकारून बसलो, आता सूर सुटेल, मग सुटेल... आणि सुटला! तिसऱ्या गाण्यात साफ सुटला! मी आनंदानं इकडेतिकडे बघितलं, तर एक माणूस हलेल तर शपथ. का? सगळे झोपलेले! अहो, श्रोते घोरायला लागले की ज्याचं गाणं रंगलं, त्याला पाडायचा कसा? आणि माझी लेक? माझ्याच खांद्यावर, तोंड उघडं टाकून, गाढ! जळतोय कोण? मी? छे!

कार्यक्रम संपल्यावर गाठला त्याला मागच्या खोलीत. म्हटलं, "बँड मोडलास ना? सरळ सांग." तर चेहरा पडला त्याचा. "मोडीन कशाला? डॉक्टरांनी किंचाळायला बंदी केलीय. घसा गेलाय रे. मला वाटलं, तुला कळलं की तू दुसरा गायक शोधशील."

आता बोला! मी इकडे त्याच्यावर... जळत नव्हतो, नव्हतोच! आणि हा तिकडे मला घाबरून अंगाया गातोय! झोपलेली पोर खांद्यावर, धड मिठीही मारता येईना. शेवटी तोच म्हणाला, "पुढच्या अल्बमला वाजवशील?"

माझी छाती फुगली. "ड्रम?"

"नाही रे... खुळखुळा."

तर सध्या असं आहे मंडळी, ड्रमवर चादर टाकलीय, मी भोंग्याच्या मागे बसून खुळखुळा वाजवतो, आणि तो मान वळवून म्हणतो, "जरा हळू, पोरं उठतील."

वाजवतो हळू. काय करता?