सांगता येत नाही

ग्रुपवर लोकांना विज्ञान समजावणं मी का सोडलं, ते ऐका.

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. चंद्रावर माणूस गेलाच नाही, लस घेऊ नका, असलं काही गल्लीच्या ग्रुपवर आलं की मी उत्तर द्यायचो. एकदा मेसेज आला, आज दुपारी भूकंप होणार. शेजारचे रशीदभाई टेलर विचारायला आले, "सर, खरंच होणार काय?"

मी खरं तेच बोललो. "रशीदभाई, भूकंपाचं आधी सांगता येत नाही."

"हाव," म्हणाले आणि गेले.

दुपारी क्लासवरून आलो तर अख्खी गल्ली मैदानात, मे महिन्याच्या उन्हात.

"कुणी सांगितलं बाहेर बसायला?"

"तुम्हीच की," रशीदभाई म्हणाले. "सर म्हणले सांगता येत न्हाई. म्हंजी होईलबी."

"अहो, तो मेसेज खोटा आहे असं म्हणत होतो मी."

"मग खोटा हाय म्हणायचं ना, सर."

त्यांच्यातच माझी आई बसलेली, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. ती किल्लारीची. तिचे आईवडील तिथल्या भूकंपात गेले.

"आई, घरात चल. चक्कर येईल."

"आज होणार न्हाई म्हण. लगेच येते."

एवढं एकच वाक्य होतं. पण ते मला खरं म्हणून सांगता येईना. शेवटी तिच्याशेजारी उन्हातच बसलो.

तेवढ्यात कुणीतरी माझा फोटो काढला. पाच मिनिटांत ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं: फिजिक्सचे सर पण बाहेर येऊन बसलेत.